माझे खांदे कापले, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना टी-शर्ट आहे, पण माझे हे खांदे जन्माचे नाहीत. ते मला लातुरात मिळाले, आणि त्यांचा मला भारी अभिमान आहे!

एका कोचिंग क्लासच्या सरांनी आम्हा पन्नास भावंडांची ऑर्डर दिली होती. "सगळे मोठेच पाठवा, वाढत्या अंगाचे," असं सांगून. माझ्या छातीवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : मला विचारा.

जूनमध्ये मी राजकन्या नावाच्या एका मुलीच्या वाट्याला आलो. ती दहावीतली. बसस्टँडवर क्लासच्या टेबलामागं उभं राहायचं आणि गावोगावहून आलेल्या पोरींना होस्टेलची, ॲडमिशनची वाट सांगायची, हे तिचं काम. पंधरा दिवस नीट केलं की सर तिला दहावीच्या बॅचला फुकट बसू देणार होते. त्या बॅचसाठी तिचा जीव नुसता तुटत होता.

पण मी तिच्या अंगात गेलो आणि काय सांगू! बाह्या कोपराखाली, घेर गुडघ्याला. माझी अक्षरं तर पार पोटाशी, टेबलामागं गुडूप. मग कोण विचारणार? ती बिचारी खांदे पाडून, मला मागून मुठीत धरून उभी.

चहावाले मलप्पाकाका ओरडले, "ए टी-शर्टा, आत कोणी हाय का न्हाई?"

अख्खा स्टँड हसला. संध्याकाळी सर म्हणाले, "आज तुला एकानंही काही विचारलं नाही. उद्या असंच झालं तर दुसरी मुलगी बघतो."

घरी येऊन राजकन्येनं मला पलंगावर फेकलं, कैची उचलली आणि माझा खालचा घेर धरला. मी भीतीनं गोळा झालो. तेवढ्यात शेजारच्या रजियाखालांनी दारातूनच आवाज दिला. त्या गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायच्या.

"ठहर, बेटा! खालून कापून काय होणार? अक्षरं पोटावरच राहतील. खांद्यावरून काप. खांदे वर आले की सगळं वर येतं."

"पण खाला, बिघडला तर?"

"ही माझी मशीन भूकंपात दोन दिवस भिंतीखाली होती. पाय वाकडा झाला, पण शिवून राहिली का न्हाई? याला काय धाड भरली?"

मशीननं कुरकुर करून मला धीर दिला. मग काय! माझे खांदे कापले, बाह्या उतरवून लहान केल्या, बगला आत घेतल्या. होजरीच्या कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून खालांनी खाली क्लासचंच जाहिरातीचं पत्रक घातलं. शिवून झाल्यावर राजकन्येनं ते टराटरा फाडून काढलं. उरलेल्या कापडाचा खिसासुद्धा झाला, पेन ठेवायला!

दुसऱ्या दिवशी सकाळी औशाची गाडी लागली. मल्लिकार्जुन नावाचे एक काका डोक्यावर ट्रंक आणि मागं रडवेली लेक घेऊन उतरले. इकडं तिकडं बघता बघता त्यांची नजर माझ्या अक्षरांवर आली.

"ताई, पोरींचं होस्टेल कुठं हाय वो?"

"या ना काका! ट्रंक टेकवा, पाणी प्या, मी नेते तुम्हाला." आणि लेकीला म्हणाली, "रडू नको गं, मी हाय ना इथं."

मग नांदेडची गाडी आली, उदगीरची आली. दुपारपर्यंत टेबलासमोर रांग! राजकन्या ताठ उभी, आवाज खणखणीत. शेवटी तर सरांनाच रांगेत घुसून तिला विचारावं लागलं, "अगं, मुखेडच्या मुली कोणत्या खोलीत पाठवल्यास?" मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "पंधरा दिवस कशाला? सोमवारपासून बॅचला ये."

मलप्पाकाकांनी चहा आणून ठेवला. "आता दिसलं बगा, आत कोण हाय ते!"

आज माझा रंग विटला आहे. मध्यंतरी मला फरशी पुसायला काढलं होतं, पण राजकन्येनं बादलीजवळून हिसकावून नेलं. मित्रांनो, अंगाला बसत नाही म्हणून कपडा लगेच फेकू नका. आणि त्याच्यात स्वतःला लपवू तर मुळीच नका. खांद्यापासून सुरुवात करा. जमेल का, अशी शंका आली, तर अक्षरं अजून शाबूत आहेत. मला विचारा!