पत्र्यावरचं बोट

लोकांना वाटतं, त्या चमचमणाऱ्या कागदाला आम्ही रंग लावतो. सांगून सांगून माझा घसा बसला, की बाबांनो, त्यात रंगाचा थेंबसुद्धा नाही. त्यात असतात रेघा. इतक्या बारीक की डोळ्याला दिसत नाहीत आणि बोटाला लागत नाहीत. उजेड त्यांच्यावर पडून फुटतो, मग तुम्हाला जांभळं दिसतं, हिरवं दिसतं, मान जरा हलवली की नारिंगी दिसतं. लोक सगळं ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात, झुलालभाऊ, पण रंग कोणता वापरता? आता यावर माणसाने काय डोकं फोडून घ्यायचं?

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. जळगावच्या एमआयडीसीत ज्ञानचंद शेठचा कारखाना होता. मोठ्या शेडमध्ये एक बंद खोली, तिच्यात ते मशीन आणि मशीनवर मी. एका बाजूने चंदेरी फिल्मचा रोल सुटायचा, तापलेल्या रुळाखालून जायचा आणि पलीकडे गुंडाळला जायचा. रुळाला निकेलचा एक पातळ पत्रा बसवलेला असे, त्याला आम्ही शिम म्हणायचो. सगळ्या रेघा त्या शिमच्या अंगावर. फिल्मवरचा लेप उष्णतेने मऊ पडायचा, शिम त्यावर दाबली जायची आणि रेघा तिथे उमटायच्या. साधी फिल्म आत जायची आणि इंद्रधनुष्य होऊन बाहेर यायची. पुढे ती पुठ्ठ्यावर चिकटवून साड्यांचे डबे व्हायचे, अगरबत्तीचे पुडे व्हायचे.

दुपारी चारच्या सुमाराला वरच्या झरोक्यातून ऊन आत यायचं आणि फिरत्या फिल्मवर पडायचं. मग भिंतीवरून रंग वाहायला लागायचे. छतावरून, माझ्या हातांवरून, वनाच्या खाकी सदऱ्यावरून. बाहेर भाजून निघालेलं माळरान, आणि आत आम्ही दोघं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे. कधीकधी मला वाटायचं की मशीन थांबलंय आणि खोलीच हळूहळू पुढे सरकतेय. त्या तासाभरात मी कुणावर ओरडत नसे. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा, ते कबूल करतो.

वना माझा जोडीदार. धुळ्याचा, पन्नाशीचा. गिरणीतलं काम सुटल्यावर इकडे आला होता. रोल चढवायचा, उतरवायचा, शिमवर मलमलीचं झाकण घालायचं, ही त्याची कामं. लग्न केलं नव्हतं. धुळ्यात त्याची विधवा बहीण होती, बेबाबाई, आणि तिचं घर याच्याच पगारावर चालायचं. सुट्टी मिळाली की एसटीने तिच्याकडे जायचा. दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप.

शिमचा नियम एकच. हात लावायचा नाही. नुसतं बोट टेकलं तरी कातडीचं तेल त्या रेघांत भरतं, वरून रुळाची आच लागली की ते पक्कं बसतं, आणि मग रुळाच्या प्रत्येक फेऱ्याला फिल्मवर तो डाग उमटत राहतो. दीड हातावर एक डाग, दीड हातावर एक डाग, रोल संपेपर्यंत. मी दारावर खडूने लिहून ठेवलं होतं, शिमला हात लावील त्याला इथे जागा नाही. शेठ वाचून हसले होते, पण पुसू दिलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा व्हायची आणि सगळ्यांच्या घरची माणसं कारखाना बघायला यायची. त्या वर्षी अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून माझी माय आली होती, तानुबाई. दिवाळीच्या साड्यांच्या डब्यांसाठी मुंबईहून नवी शिम आली होती, बारीक कोयऱ्यांची नक्षी असलेली. ती मी आदल्या दिवशीच रुळाला बसवली होती. मायला दाखवायची म्हणून झाकण काढलं. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं.

माय शिमसमोर उभी राहिली ती तिथून हटेचना. एक पाऊल डावीकडे गेली, एक उजवीकडे आली. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर हिरवं-जांभळं हलत होतं आणि ती पदराकडे बघायची, शिमकडे बघायची.

"रे भाऊ," ती हळूच म्हणाली, "याम्हा तर बठ्ठा रंग शेतस."

मी म्हटलं, "माय, सगळे रंग कुठले, याच्यात एकही रंग नाही." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा पोरगा शिकून वाया गेला.

तेवढ्यात शेठनी नारळ फोडायला हाक मारली म्हणून मी फाटकाकडे निघालो. कटाईच्या मशीनवर काम करणाऱ्या मंदाबाईंनी हळदीकुंकवाचं ताट सगळीकडे फिरवलं आणि आमच्या खोलीतल्या स्टुलावर आणून ठेवलं. त्या ताटापासून माय दूरच उभी होती, ते मी जाताना बघितलं. बाप गेल्याला बारा वर्षं झाली होती. लग्न असो, बारसं असो, ताट आलं की माय आपणहून मागे सरकायची आणि मी कधी तिला पुढे ये म्हटलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींवर ओरडणारा मी, यावर गप्प बसायचो.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो तर वना आला नव्हता. मी चिडून एकट्यानेच रोल चढवला, झाकण काढलं, हीटर लावला. शिमच्या कडेला काहीतरी लालसर चमकलं. पण त्या पत्र्यावर लाल काय, पिवळं काय, सगळंच चमकतं. रूळ तापला, फिल्म सुटली आणि कोयऱ्या वाहायला लागल्या. इतकी सुंदर नक्षी मी आधी कधी चालवली नव्हती. मी बघत बसलो. हजारो कोयऱ्या, रंग बदलत, एकीतून दुसरी निघत. किती वेळ गेला कोण जाणे.

दुसरा रोल उतरवून उजेडात धरला, तेव्हा डाग दिसला. कडेला, बोटाच्या टोकाएवढा, वाटोळा, आंधळा. त्याच्यात रंगच नव्हते. दीड हातावर पुन्हा तोच, आणि पुढे पुन्हा. मशीन बंद केलं, रूळ निवल्यावर स्पिरिटचा बोळा शिमवरून अलगद फिरवला. बोळा लाल झाला. कुंकू होतं. डाग मात्र तसाच राहिला. जास्त घासावं तर शेजारच्या रेघा मरतात. नवी शिम यायला पंधरा दिवस लागले असते आणि दिवाळी वीस दिवसांवर होती.

एवढ्यात वना दारात आला. पहिली गाडी चुकली होती त्याची. त्याने माझा हात बघितला, बोळा बघितला आणि दारातच थांबला.

"कुणी लावलं हे?" मी गरजलो.

वना शिमकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या हातून झालं, भाऊ."

मी त्याला काय काय बोललो, ते आता आठवलं की माझंच तोंड कडू होतं. सगळ्या कारखान्यादेखत बोललो. मशीनवर एक तर हा राहील नाही तर मी, असं शेठना सांगितलं. शेठनी दारावरचं खडूचं अक्षर बघितलं, वनाकडे बघितलं, आणि नाइलाजाने त्याला रजा दिली. वनाने खुंटीवरचा आपला टॉवेल घेतला आणि तो गेला.

संध्याकाळी घरी आलो तर माय अंगणात बसून शेंगा सोलत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"चांगलं चालनं का रे तुनं मशीन?"

मी चप्पल काढत होतो. ती पुढे म्हणाली, खाली बघून, लहान मुलीसारखी, "मी त्याले कुकू लाई दिधं. तठे कोनीच नव्हतं. काही चुकनं का मनं?"

ओठावर आलेला शब्द मी कसा गिळला, ते माझं मला ठाऊक. बारा वर्षांनी तिने कुंकवाला बोट लावलं होतं. चोरून, मशीनच्या खोलीत, कारण तिथे बघायला कुणी नव्हतं. आणि तिच्या बोटापायी मी एका माणसाला रस्त्यावर काढलं होतं. मला रडू आलं. मी तिच्या पाठीमागे जाऊन रांजणातलं पाणी तोंडावर मारलं.

"चांगलं चाललं, माय," मी म्हटलं. "कधी नव्हे इतकं चांगलं चाललं."

रात्रभर एकच घोळत राहिलं. शेठना खरं सांगितलं तर लोक म्हणणार, विधवेचा हात लागला म्हणून शिम गेली. नाही सांगितलं तर वना गेला. सकाळी शेठच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मंदाबाई तिथेच होत्या. त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "तरीच."

"तरीच काय, मंदाबाई?" मी म्हटलं. "तुमचं बोट लागलं असतं तरी हाच डाग पडला असता. शिम उघडी मी टाकली. चुकलो तो मी." त्या खाली बघायला लागल्या. शेठ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आधी वनाला घेऊन ये."

धुळ्याची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि उन्हात सगळं रान पांढरं, धूसर झालं होतं. माझा डोळा लागत होता, उघडत होता. मिटल्या डोळ्यांत कोयऱ्या वाहत होत्या आणि प्रत्येकीच्या कडेला तो आंधळा ठिपका होता. धुळं आलं तेव्हा झोपेत होतो की जागा, सांगता येणार नाही.

वना ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, जणू काही झालंच नाही. बेबाबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या दाराशी थांबल्या. मी म्हटलं, "वना, तू खोटं का बोललास?"

त्याने मला ओट्यावर बसवलं. मग जितकं एका वेळी कधी बोलला नव्हता तितकं बोलला.

"मी झाकण घालायला आलो होतो भाऊ. माय शिमजवळ उभ्या होत्या. त्यांनी बोट लावलं, हात जोडले, आणि मग आजूबाजूला बघितलं, कुणी बघतं का म्हणून. मी रोलच्या मागे लपलो. त्या गेल्यावर स्पिरिटने पुसलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. बोळा हातात घेतलाही होता." त्याने बहिणीकडे बघितलं. "आमचे मेहुणे गेले तेव्हा बाया हिचं कुंकू पुसत होत्या. मी समोर उभा होतो. नको म्हणालो नाही. तेव्हापासून कुंकू पुसायला माझा हात उचलत नाही. म्हटलं, नवमीचा दिवस जाऊ दे, दसऱ्यानंतर सकाळी लवकर येऊन मन घट्ट करू. तर गाडी चुकली."

बेबाबाई दारात तशाच उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "शिम खराब झाली ते मायला सांगितलं का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगू नका कधीच."

वना माझ्याबरोबरच परत आला. येताच त्याने फिल्म पुठ्ठ्यावर अंथरली, डब्याचा साचा वर ठेवला आणि इकडेतिकडे सरकवत राहिला. डाग कडेला होता. साचा चार बोटं सरकवला की डाग बरोबर त्या पट्टीत जात होता, जिला गोंद लावून डबा आतून चिकटवतात. बाहेरून काही दिसत नव्हतं. शेठनी दोनदा डबा फिरवून बघितला आणि म्हणाले, चालू द्या.

दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी मशीन चालवलं. दुपारी ऊन आत यायचं, रंग वाहायचे, आणि दीड हातावर मायचं बोट समोरून जायचं. जळगावात, धुळ्यात, कुठकुठल्या गावांत त्या वर्षी बायांनी साड्यांचे डबे उघडले, आणि प्रत्येक डब्याच्या चिकटवलेल्या घडीत ते होतं. कुणाला दिसलं नाही. मायलाही शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्या दिवाळीला मशीन चांगलं चाललं ते तिच्या कुंकवामुळे, आणि मी दर वेळी हो म्हणत गेलो.