खरखर कधी येते?

मला फसवलं होतं. तेही एका मराठी म्हाताऱ्यानं, स्वतःच्या घरी बसवून, कॉफी पाजून.

पुण्याहून बेंगळुरूला, एचएसआर लेआउटमध्ये येऊन मला चार वर्षं झाली. कंपनीत माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडण्याचं. आणि मीच इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या म्हाताऱ्या रघुपतींकडून हा जुना जपानी गेम कन्सोल डोळे झाकून उचलून आणला. गेमची हौस मला नव्हतीच. माझी अकरा वर्षांची सिद्धी गेले सहा महिने मी हॉलमध्ये आलो की उठून आत जायची. या कन्सोलचे दोन्ही कंट्रोलर त्याला आखूड वायरींनी कायमचे जोडलेले. खेळायचं तर शेजारीशेजारी बसावंच लागतं. तेवढ्यासाठी आणला होता.

पहिल्या दिवशी ती बसली. दहा मिनिटांत टीव्हीतून खर्रर्र आवाज सुरू झाला, माझं डोकं सटकलं आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी वायर बदलली, अडॅप्टर बदलला, कॅसेट स्पिरिटनं पुसली, टीव्हीसुद्धा शेजाऱ्यांचा आणून पाहिला. एकटा तपासायला बसलो की आवाज अगदी स्वच्छ. सिद्धी शेजारी आली की खरखर. शेवटी रघुपतींना फोनवर नाही नाही ते बोललो. ते इथल्या कानडी वळणानं एवढंच म्हणाले, "सरी, बरं. रविवारी येतो."

आले. बोम्मसंद्राच्या कारखान्यात तीस वर्षं टीव्ही तपासलेला माणूस, पण पिशवीतून साधा स्क्रूड्रायव्हरही बाहेर काढला नाही.

"खरखर येते तेव्हा काय काय चालू असतं?"

ही यादी माझ्या हातचा मळ. कुठला गेम, कितवं मिनिट, पहिला कंट्रोलर माझ्याकडे, दुसरा सिद्धीकडे, सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही काय करत असता?"

"मी काय करणार? खेळत असतो!"

"मग स्वल्प खेळून दाखवा."

खेळलो. दहा मिनिटं काही नाही. माझा नुसता जळफळाट. म्हाताऱ्यासमोर मेला कन्सोल शहाण्यासारखा वागत होता! तेवढ्यात सिद्धीचा गडी खड्ड्यात पडला.

"अगं, किती वेळा सांगू, आधी उडी मार!"

खर्रर्र.

"ऐकलंत?" मी ताडकन उठलो. "ऐकलंत ना?"

रघुपतींनी माझ्या कंट्रोलरवरचं बटण दाबून गेम थांबवला. संगीत बंद झालं. "आता पुन्हा बोला."

"काय बोलू? बिघडलेला माल गळ्यात मारायचा आणि वर मलाच..."

"मलाच," टीव्ही म्हणाला. फाटका, खरखरीत आवाज. माझाच.

रघुपतींनी सिद्धीच्या कंट्रोलरवरची बारीक जाळी दाखवली. शेजारी नखाएवढी पट्टी होती, वर सरकवलेली. "हा माइक. फक्त दुसऱ्या कंट्रोलरला असतो. जवळ कुणी मोठ्यानं बोललं की टीव्हीतून निघतं. आमची लेक वसुमती यातनं गाणी म्हणायची. तुम्हाला देताना मी बंद करून दिला होता."

"मग चालू कुणी केला?" मी ओरडलो. माझ्यामागोमाग टीव्ही ओरडला.

"मी," सिद्धी म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

"आणि सांगितलं नाहीस? इतके दिवस मी वेड्यासारखा..."

ती माझ्याकडे बघतच नव्हती, टीव्हीकडे बघत होती. माझं वाक्य तिथून पूर्ण येऊन गेलं.

"बाबा, मला तू रोज असाच ऐकू येतोस," ती म्हणाली. कंट्रोलर जमिनीवर ठेवून ती उठली.

मला भयंकर राग आला. रघुपतींवर काढता येत नव्हता, यंत्रावर तर नाहीच. मी जिभेवर आलेलं गिळलं.

"परत नेऊ का हा?" रघुपतींनी विचारलं.

"नको," मी हळू आवाजात म्हणालो.

टीव्हीतून काहीच आलं नाही. सिद्धी दारापर्यंत पोचली होती. तिथंच थांबली.