ऑलिव्हच्या मुळाखाली

दगडाच्या कडेला एक खाच होती. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, टोकाशी काटकोनात वळलेली. आतल्या बाजूला करड्या धातूचा पातळ थर अजून चिकटून होता. पोलिक्सेनीने करंगळी आत घालून पाहिली. शिसं. तीस वर्षं माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला ते डोळे मिटूनही कळलं असतं.

"आत्या, हे काय?" दनाईने वाकून विचारलं.

"दोन दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून लोखंडाचा आकडा बसवायचे. वरून वितळलेलं शिसं ओतायचे. मग दगड हलत नाहीत."

"ताई, दगडाची नाडी बघतेयस काय?" मागून अर्गिरिस ओरडला. तो तिचा भाऊ, सहा वर्षांनी धाकटा. पण ग्रीसमधल्या प्राचीन मेसिनीच्या या अवशेषांत सगळ्यांत आधी दमला तोच. प्राचीन स्टेडियमच्या पायरीवर बसून तो वर्तमानपत्राने वारा घेत होता. "दोन हजार वर्षांपूर्वीच गेलाय तो. चला आता, भूक लागलीय."

"बाबा, हे सगळं बघून तुम्हाला काहीच वाटत नाही?" दनाई म्हणाली.

"वाटतं ना. भीती वाटते. असलं काही माझ्या मळ्यात निघालं असतं म्हणजे? त्या स्टाव्रोसचं काय झालं माहीत आहे ना? चार खोल्यांचा पाया खणायला गेला आणि थडगं लागलं. सरकारने काम थांबवलं, त्याला अकरा वर्षं झाली. वर पत्र्याचं छप्पर, खाली मांजरांची बाळंतपणं. आणि स्टाव्रोस? दोरीच्या बाहेर उभा." अरिष्ट टळावं म्हणून त्याने तीनदा स्वतःच्या छातीवर थुंकल्यासारखं केलं. "फ्तू, फ्तू, फ्तू. मला नको बाबा."

पोलिक्सेनीने करंगळी खाचेतून काढली आणि रुमालाला पुसली.

जेवण मळ्यावर होतं. पाव, खारं चीज, टोमॅटो. चादर अंथरायच्या आधीच अर्गिरिसने हात पसरले.

"बघ दनाई. माझा मळा. पुढच्या उन्हाळ्यात इथे पाहुण्यांच्या बारा खोल्या असतील."

"आपल्या बाबांचा मळा," पोलिक्सेनी त्याला म्हणाली.

"झालं सुरू! सात वर्षं हेच चाललंय. अगं, एकदा तरी म्हण, 'अर्गिरिसचा मळा.' जीभ झडणार नाही तुझी."

ती पाव कापत राहिली. सगळ्या चकत्या एकाच जाडीच्या.

वडिलांच्या शेवटच्या आजारात चार महिने त्यांची कूस तिने बदलली होती. एका सकाळी ती औषधं आणायला कालामाता शहरात गेली, तेवढ्यात अर्गिरिस नोटरीला घरी घेऊन आला. संध्याकाळी वडिलांनी तिला विचारलं होतं, "तो दवाखान्याचाच कागद होता ना गं?" दफनानंतर मळा एकट्या अर्गिरिसच्या नावावर निघाला. तिने त्याला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला होता, "एकटी बाई तू. नवरा ना पोर. जमीन काय उशाला घेऊन झोपणार होतीस?" ते वाक्य तिने नमुन्याच्या बाटलीसारखं बूच लावून जपलं होतं, तारखेसकट.

"आणि हा पोहण्याचा तलाव," अर्गिरिसने दाखवलं.

खुंट्या ठोकून दोरी ताणलेली होती. चौकोनाच्या मधोमध एक बुंधा होता, हातभर उंच. वरचा काप अजून ओला आणि पिवळा.

पोलिक्सेनी उठली. विहिरीपासून चालत गेली. नऊ पावलं.

"हे माझं झाड होतं," ती म्हणाली.

"होतं. आता सरपण आहे. करवतीने अर्ध्या तासात आडवं केलं, पण मुळं काही सुटेनात. खाली कशाला धरून बसलीयत कोण जाणे. उद्या सकाळी यंत्र येतंय, ते उपटेल."

"आणि खाली काही निघालं तर?" दनाईने विचारलं.

"पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत इथे काही नाही, तसा कागद आहे माझ्याकडे. शिवाय यंत्रवाला मोठा सज्जन माणूस. खाली काहीही असो, त्याला दिसत नाही." त्याने डोळा मारला.

पोलिक्सेनीला तेव्हा बारावं वर्ष होतं. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं, अर्गिरिस आईच्या कुशीत. वडील पाण्याच्या टाकीसाठी खणत होते आणि ती बादलीने माती उपसत होती. फावडं खणकन वाजलं. चार दगड, एका रेषेत. प्रत्येकाच्या कडेला तशीच वळलेली खाच, शिशाने भरलेली. वडील खड्ड्यातच खाली बसले. मग त्यांनी सगळं परत बुजवलं, वर ऑलिव्हचं रोप लावलं आणि मातीने भरलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "कुणाला सांगायचं नाही. हे झाड तुझं. तुझ्या झाडाखाली कोण खणणार?"

एक्कावन्न वर्षं ती गप्प होती. गेल्या सात वर्षांत दोनदा तिने उत्खननाच्या कचेरीचा नंबर फिरवला आणि शेवटच्या आकड्याशी हात थांबवला. वडिलांचा तो हात डोक्यावरून अजून उतरला नव्हता. गुपित राखायला आताही काही करावं लागणार नव्हतं. ती गप्प राहिली, तर उद्या दुपारपर्यंत त्या दगडांचा चुरा होऊन ट्रकमधून जाणार होता.

"उद्या पाद्री येतोय," अर्गिरिस तोंडात चीज घेऊन म्हणाला. "पायाला कोंबडा कापू. पहिला दगड तू ठेव, ताई. मोठी तू, मान तुझा. मी काही माणुसकी सोडलेली नाही."

तिने बुंध्यावर तळवा ठेवला. चीक हाताला लागला.

"हो," ती म्हणाली. "पहिला दगड माझाच."

परतताना दनाईला आठवलं, टोपी अवशेषांत राहिली. अर्गिरिसने कुरकुरत गाडी फाटकापाशी थांबवली.

"मी आणते," पोलिक्सेनी म्हणाली.

फाटकाजवळच्या उत्खननाच्या कचेरीत एक तरुण मुलगी खापराचे तुकडे दातांच्या ब्रशने घासत होती. "टोपी ना, मावशी? ती बघा, खिळ्याला."

पोलिक्सेनीने टोपी घेतली. मग कुणी न सांगता खुर्चीवर बसली.

"वर गावाजवळ एका मळ्यात जुनी भिंत आहे," ती म्हणाली. "चार दगड मी स्वतः पाहिलेत. आकड्यांच्या खाचा, आत शिसं. विहिरीपासून पूर्वेला नऊ पावलं, खोली सव्वा मीटर. उद्या सकाळी तिथे यंत्र येणार आहे. त्याआधी या. मी दाखवते."

मुलीचा ब्रश थांबला. तिने हात पुसून वही ओढली, पण लिहिलं नाही.

"मावशी, एकदा नोंद झाली की तिथलं काम थांबेल. कित्येक वर्षं. कदाचित कायमचं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतं."

"जमीन कुणाची?"

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. "ताई! टोपी विणतेयस काय तिथे?"

पोलिक्सेनीने टोपीच्या काठाला चिकटलेली गवताची काडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"अर्गिरिसचा मळा," ती स्पष्ट म्हणाली. "लिहून घे."