एकाच नंबरचे दोन बिल्ले

राउटर म्हणजे काय, हे एकाच माणसाला एकाच दुपारी सात वेळा सांगायची पाळी माझ्यावर आली. आणि तो माणूस माझी सख्खी थोरली बहीण असल्यामुळे मला उठून जाताही येईना.

ताई बावीस वर्षं बसस्थानकाच्या सामानघरात होती. बॅग घ्यायची, तिला बिल्ला बांधायचा, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला प्रवाशाच्या हातात द्यायचा. मग तिथे आपोआप उघडणारी कपाटं आली आणि ती घरी बसली. त्याला दीड वर्ष झालं. आता एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर-मदत कक्षात फोन घेणाऱ्याची जागा निघाली होती. मुलाखत सोमवारी अकराला. ही जागा गेली तर या वयात दुसरी कोणी देणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. नेटवर्क जोडून देणं हा माझा पंधरा वर्षांचा धंदा, म्हणून रविवारी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"सर्व्हर म्हणजे?"

"जो मागितलेली माहिती देतो तो कॉम्प्युटर. मागणारा तो क्लायंट."

"म्हणजे एक खिडकीच्या आतला, एक बाहेरचा."

"हो, पण खिडकी-बिडकी लिहू नकोस."

तिने खिडकी लिहिलीच.

"आयपी अ‍ॅड्रेस?"

"नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दिलेला नंबर. माहिती कुणाकडे पोचवायची ते त्यावरून कळतं."

"बिल्ला! मग राउटर म्हणजे बिल्ले वाटणारा?"

"नाही गं! राउटर एका नेटवर्कमधली माहिती दुसऱ्या नेटवर्कला पोचवतो. घरातला राउटर नंबरही वाटतो, पण ते त्याचं मुख्य काम नाही."

"मग मुख्य काम कुठलं?"

मी कपाळावर हात मारला. "आत्ताच सांगितलं ना!"

"बरं, बरं. लूप म्हणजे?"

"अट पुरी होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायचं."

"आणि अट पुरीच झाली नाही तर?"

"तर माझी आत्ता झालीय तशी गत होते."

ती मनापासून हसली, मी नाही हसलो. मग पेन हनुवटीला लावून तिने विचारलं, "एकच नंबर दोघांना गेला तर?"

"जात नाही."

"पण गेला तर? आमच्याकडे एकदा—"

"ताई, असं होत नाही! तुझं सामानघर बंद झालंय, आता ते डोक्यातून काढ!"

वहीतलं काहीतरी तिने खोडलं आणि त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

सोमवारी दुपारी ती थेट माझ्या दुकानात आली.

"काय विचारलं?"

"दोन कॉम्प्युटर. एक चालू झाला की दुसऱ्याचं नेटवर्क जातं. का?"

"सोपं आहे. दोघांना एकच आयपी—" मी म्हणालो आणि माझी जीभ तिथेच अडखळली.

"मी त्यांना तुझंच सांगितलं, असं होत नाही."

"अगं, कुणी हाताने नंबर घातला की हमखास होतं! परवाच मी एका दवाखान्यात हेच निस्तरून आलो!"

"मग मला का नाही म्हणालास?"

का? कारण मला विषय संपवायचा होता. माझा मलाच भयंकर राग आला. तिची दीड वर्षांनी आलेली संधी मी कंटाळ्यापायी घालवली होती.

"मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, सामानघरात कधी असा घोळ झाला होता का," ती पुढे म्हणाली. "तेव्हा सांगितलं. एकाच नंबरचे बिल्ले दोनदा छापून आले होते. एकाची बॅग भलत्यानेच नेली. मग मी एक जोडी बाद केली. बाई म्हणाल्या, हेच तर उत्तर. गुरुवारपासून ये म्हणाल्यात. महिनाभर त्याच शिकवणार आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. मी स्टूल पुढे ओढलं. "बस. गुरुवारपर्यंत उरलेलं संपवू. फायरवॉल राहिलंय, पासवर्डचं राहिलंय."

तिने वही पिशवीत ठेवली. "नको रे, छोट्या. त्या शिकवतील."

"अगं, मी आहे ना घरचा!"

"आहेस. पण तुझ्यासमोर मला येतं तेही येईनासं होतं."

हे तिने चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.