गेंड्याची खोली

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेसाठी देशोदेशीचे लोक आमच्या विमानतळावर उतरणार होते, म्हणून आमच्या व्यवस्थापकांनी, म्हणजे चकचकसाहेबांनी, सगळी स्वच्छतागृहं बंद करून टाकली.

चुकून नाही, ठरवून. नव्या फरशा, नवे आरसे, हात पुढे केला की आपोआप वाहणारे नळ. आणि प्रत्येक दारावर आडवी निळी फीत. साहेबांचा हुकूम होता, "स्पर्धेच्या तपासणी समितीने फीत कापेपर्यंत आत माशीसुद्धा जाता कामा नये. चकचकीत म्हणजे चकचकीत!" त्यामुळे प्रवासी कोपऱ्यातल्या एकुलत्या जुन्या स्वच्छतागृहापुढे पाय बदलत उभे राहायचे, आणि आम्ही सफाईवाल्या बाया बंद दारांच्या मुठी पुसायचो. मी त्या बायांची मुकादम. कुणी हात न लावलेली मूठ रोज कशी पुसायची, हे साहेब मला रोज समजावून सांगत.

तेही मी गिळलं असतं. पण त्यांनी बाळाची खोलीही बंद केली.

ही खोली लेकुरवाळ्या प्रवाशांसाठी होती. एक मऊ खुर्ची, बेसिन, दाराला आतून कडी. माझी ठकी अजून वरच्या दुधाला तोंड लावत नव्हती. वाटी दिसली की मान भिंतीकडे, आणि बाटली सरळ जमिनीवर. म्हणून माझ्या जेवणाच्या सुट्टीत सासूबाई तिला घेऊन यायच्या आणि मी तिला त्या खोलीत पाजायचे. हे जमलं तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं. तिसरी वाट नव्हती.

"खोलीत स्पर्धेचा शुभंकर ठेवलाय," साहेब म्हणाले. शुभंकर म्हणजे कापसाचा गेंडा. माणसाहून उंच, गुलाबी गालांचा, पायात बूट, फतकल मारून बसलेला. "त्याला धूळ लागता कामा नये. तिथे एसी आहे."

"आणि माझ्या बाळाचं काय, साहेब?"

"अहो, स्पर्धेपुरता प्रश्न आहे. जरा ॲडजस्ट करा."

"सांगून बघते तिला," मी म्हणाले.

तिने काही ॲडजस्ट केलं नाही. बादल्यांच्या खोलीत फिनाइलच्या वासाने ती दोन घोट घेऊन शिंकायची, मग रडायची, आणि उपाशीच घरी जायची. दुपारभर साडीवरचा माझा गणवेशाचा शर्ट दुधाने ओला. सासूबाई रोज तिला खांद्यावर थोपटत परत निघायच्या आणि जाता जाता ऐकवायच्या, "एक दिवस मी त्या गेंड्याचं शिंग उपटून तुझ्या साहेबाच्या कपाळाला लावणार आहे. शोभेल त्याला."

तपासणीच्या दिवशी साहेबांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली. "गेंड्यावर व्हॅक्यूम फिरवा. शिंगाकडे विशेष लक्ष. आणि त्या दारावरची फीत काढा, समितीला थेट आत नेऊन गेंडा दाखवायचाय."

मी शिंगाकडे विशेष लक्ष देत होते तेवढ्यात सासूबाई आल्या. ठकी रडून लालबुंद झालेली. खुर्ची कुठेच नव्हती, ती गेंड्याला जागा हवी म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. कडीही त्याला आत ढकलताना तुटलेली. मी गेंड्याच्या मांडीत बसले, त्याच्या पोटाला पाठ टेकली आणि पदराखाली घेतलं तिला. पहिल्या घोटालाच तिचं सगळं अंग सैल पडलं. एक हात माझ्या गळ्याशी, दुसऱ्या मुठीत गेंड्याची लव. मध्येच ती डोळे उघडून मी आहे ना, ते बघायची, आणि पुन्हा मिटायची. किती दिवसांनी ती अशी पोटभर पीत होती.

बाहेर पावलं वाजली. समिती वेळेआधीच आली होती, आणि अध्यक्षबाई लांबच्या विमानप्रवासातून थेट.

"फरशा नंतर बघू," बाईंचा आवाज. "आधी स्वच्छतागृह कुठे आहे?"

"हे काय मॅडम, हेच! आपल्या शुभहस्ते फीत कापून…"

"कापा मग!"

"कात्री! अरे, तबकातली कात्री कुठे गेली? आणि फोटोवाला कुठे मेला?"

बाई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. रांगेतलं फीत नसलेलं एकच दार त्यांना दिसलं आणि ते त्यांनी धाडकन उघडलं. समोर गेंडा, गेंड्याच्या मांडीत मी, माझ्या मांडीत ठकी.

मागून साहेब पोचले. आधी पांढरे पडले, मग हसले. "ही आमची मातृसुविधा, मॅडम. खास आपल्यासाठी प्रात्यक्षिक ठेवलंय."

"प्रात्यक्षिक?" सासूबाई म्हणाल्या. "लेकरू जेवतंय ते. दार लावा आधी." मग त्यांनी अध्यक्षबाईंकडे निरखून पाहिलं. "ताई, चला माझ्याबरोबर. मागे ह्या सफाईवाल्या बायांचं आहे. चकचकीत नाही, पण उघडं आहे."

अध्यक्षबाई जवळजवळ पळतच त्यांच्या मागून गेल्या.

साहेब दारात दात चावत उभे. "तुम्हाला गेंडा साफ करायला सांगितलं होतं!"

"करतेय की."

नेमकं तेव्हाच ठकीने, पोट भरल्याच्या समाधानात, लंगोट भिजवला. उष्ण ओल माझ्या गणवेशातून गेंड्याच्या पोटावर पसरत गेली. साहेब बघत राहिले. आपल्या जन्मदात्री आईसाठीही माणूस असा चेहरा करत नसेल.

बाई परत आल्या त्या अगदी शांत चेहऱ्याने. दोनच वाक्यं बोलल्या. "सगळ्या फिती आत्ता काढा. आणि ह्या प्राण्याला बाहेर." साहेब ओल्या गेंड्याला कवेत घेऊन केबिनकडे निघाले, तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं, स्पर्धेसाठी.

"कातडीने सख्खे भाऊच वाटतात," सासूबाई म्हणाल्या.

खुर्ची परत आली. मग गर्दीही आली. पाठीवर झेंडे, तोंडाला रंग. नळ ठिबकायला लागले, आरशांवर हात उमटले, फरशीवर बुटांचा चिखल झाला, आणि आम्हाला एकदाचं खरं काम मिळालं. एका दुपारी हिरव्या गालांची एक परदेशी बाई बाळ घेऊन खोलीत आली. मी उठून तिला खुर्ची दिली, ती सरकली आणि हाताने म्हणाली, ये. एका खुर्चीत आम्ही दोघी कशाबशा मावलो. ठकीने पिता पिता हात लांब केला आणि तिच्या गालावर दाबला.

बाहेर आले तर साहेब समोर. माझ्या कॉलरवर पाच बारीक हिरवी बोटं.

"हा कसला डाग?"

"वापर सुरू झालाय, साहेब," मी म्हणाले, आणि पोछा घेऊन पुढे गेले.