बाईचा जीव कशात अडकलाय

आमच्याकडे आईला बाई म्हणतात. बाई गेली सहा वर्षं विसरतेय. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग घरची वाट, मग आम्हाला. आता वर्षभर झालं, उठायचं, बोलायचं, कूस बदलायचं सगळं विसरून पलंगावर पडून आहे. गिळायचं तेवढं अजून विसरलेली नाही. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "शेवटचा टप्पा आहे. गिळतायत तोवर चमच्यानं भरवा, घाई करू नका." मी घाई करत नाही. घाई बाकीच्यांना आहे.

बाकीचे म्हणजे माझा थोरला भाऊ अमरसिंह, त्याची बायको धनश्री वहिनी आणि बाईची धाकटी बहीण सारजा मावशी. अमरसिंह बीडला असतो, पुढारी आहे. मातृदिनाला त्यानं बाईला भरवतानाचा फोटो टाकला होता. चमचा रिकामा होता, पण फोटोत ते कळत नाही. खाली चारशे लोकांनी त्याला श्रावणबाळ म्हटलं. बाईचे डायपर बदलणारा मी, अंगद, फोटो काढत होतो.

दिवाळीत मावशीनं निदान केलं. "जीव अडकलाय तिचा कशात तरी. न्हाईतर एवढे हाल कावून?"

मग शोधमोहीम सुरू झाली. ज्याचा जीव जिथं, त्याला बाईचा जीव तिथंच सापडायला लागला. अमरसिंहाला तो माजलगावच्या कालव्याखालच्या जमिनीत दिसला. "वाटणी झाल्याबिगर बाई जायची न्हाई," तो म्हणाला. वहिनींना तो सोन्याच्या पाटल्यांत दिसला. बाईला दाखवायला म्हणून त्यांनी पाटल्या हातात घातल्या आणि तशाच बीडला गेल्या. बहुतेक तिथूनच दाखवत असतील. मावशीनं आमच्या चंद्रभागा आत्याला जीपमध्ये घालून आणलं, कारण ती आणि बाई, दोघी नणंदा-भावजया वीस वर्षं बोलत नव्हत्या. आत्या पलंगाशी बसून रडली, "माझंच चुकलं वैनी," म्हणाली, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि जाताना अंगणात मला हळूच सांगितलं की चूक खरं तर बाईचीच होती. शेजारच्या बंकटनं नारायणगडाहून अंगारा आणला, तो लावून झाला. बाईनं कुणाचंच मनावर घेतलं नाही. ती आपली वेळेवर अर्धी वाटी जेवत राहिली.

शेवटी मागच्या आठवड्यात मावशीनं निकाल दिला.

"अंगद, तिचा जीव तुझ्यातच हाय. तुझं लगीन न्हाई झालं, त्याचा घोर लागलाय तिला. तू तिच्या कानात सांग, 'बाई, माझी काळजी करू नको, तू जा.' तू सोडलंस की सुटती ती."

चव्वेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला मुलगी मिळेल ही आशा बाईनं शुद्धीवर असतानाच सोडली होती. पण ते जाऊ द्या. मला 'जा' म्हणायचं नव्हतं, आणि त्याचं कारण यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

श्रावणात एका दुपारी मी तिसऱ्यांदा अंथरूण बदलत होतो. बाईनं माझे केस मुठीत धरले आणि सोडेना. मी ओरडलो, "मर की एकदाची!" अगदी मनापासून ओरडलो. त्यानंतर दोन दिवस बाईनं तोंड उघडलं नाही. दातखीळ बसल्यासारखी पडून राहिली. डॉक्टर फोनवर म्हणाले, या आजारात असं होतं, त्यांना शब्द कळत नाहीत. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांचं खरं असेल. पण ते दोन दिवस वाटी घेऊन तिच्या पाया मी पडत होतो, डॉक्टर नव्हते. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं. तेव्हापासून त्या खोलीत मी मांजरालाही 'जा' म्हणत नाही.

रविवारी दुपारी दोन गाड्या भरून सगळे आले. मावशीनं तुळशीचं पाणी केलं. अमरसिंहाचा एक कार्यकर्ता मोबाइल उभा धरून कोपऱ्यात थांबला. वहिनी म्हणाल्या, "भावजींना रडू आलं तर येऊ द्या, अडवू नका कुणी."

"आधी जेवू तर घालतो," मी म्हणालो. "उपाशी कावून घालवताय तिला?"

"टाइम काढू नको अंगद," अमरसिंह म्हणाला. "चारला गेवराईत लगीन हाय."

मी वाकलो. सगळ्यांनी हात जोडले. बाईच्या कानाला खोबरेल तेलाचा वास येत होता, सकाळी मीच लावलं होतं. मी एकदम हळू बोललो, म्हणजे मोबाइलला ऐकू जाऊ नये. "बाई, श्रावणात बोल्लो ते खोटं न्हवतं. पर आता तसं न्हाई. तुला ऱ्हावं वाटतंय तवर ऱ्हा. मी हाय."

बाई छताकडं बघत होती.

"म्हणलास का?" मावशीनं डोळे पुसत विचारलं.

"म्हणलो."

"आता किती टाइम लागंल?" अमरसिंहानं विचारलं. जसा काही मी तहसीलमध्ये अर्ज देऊन आलो होतो. मग चहा झाला. त्यानं फोन करून दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम रद्द करायला सांगितले आणि सगळे लग्नाला गेले.

मी मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी घेऊन बसलो. मी 'जा' म्हटलं नव्हतं, पण पलंगाभोवती दिवाळीपासून सगळं घर तेच म्हणत होतं, आणि कान तर तिला होतेच. चमचा ओठाला लावला. तोंड बंद. पुन्हा लावला. बंदच. "बाई, माझं ऐक, त्यांचं न्हाई," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. वहिनींनी परवानगी दिलीच होती, पण बघायला त्या नव्हत्या.

तिसऱ्यांदा ओठ हलले. चमचा आत गेला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. एवढा आनंद मला दहावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता. अर्धी वाटी संपली तरी ती तोंड उघडतच होती, म्हणून मी उठून आणखी आणली.

संध्याकाळी अमरसिंहाचा फोन आला. मागं बँड वाजत होता.

"फरक पडला का काई?"

"पडला."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काय झालं रे?"

"पाऊण वाटी जेवली."

मग तो म्हणाला, "म्हंजे उद्याचे कार्यक्रम..."

"घे की. सगळे घे," मी म्हणालो. "आन् पुढच्या रविवारी येताना डायपर आण. मोठ्या मापाचे, दोन पुडे."