वडिलांची तबकडी

‘‘अगं विन, काय वाजवणार ते एका शब्दात सांग ना! पाटीवर जागाच तेवढी आहे.’’

गॅरेथ हातात खडू घेऊन उभा होता. ब्रिस्टलच्या बागेतला हा उन्हाळी महोत्सव तोच भरवायचा आणि दरवर्षी याच प्रश्नानं विन्समचं डोकं उठवायचा. उभी हयात डीजे म्हणून लोकांना नाचवण्यात गेली होती तिची. रेगे, डिस्को, हाऊस, कॅलिप्सो, समोर माणसं कोण आहेत ते बघून लागेल ते वाजवायचं. एकाच प्रकाराला चिकटून राहिली असती तर तिचंही नाव मोठ्या अक्षरांत आलं असतं. पण तिला सगळंच आवडायचं, त्याला ती तरी काय करणार!

‘‘लिही, सगळं.’’

‘‘ ‘सगळं’ वाचून कोण येईल?’’

‘‘मग नको लिहूस! येतात ते त्या केलमसाठीच ना?’’

केलम हा सध्याचा लाडका डीजे, शेवटचा तास त्याचा. सगळं येणाऱ्या बाईला मात्र दुपारी उभं करायचं. रिकामा तंबू तिनं भरायचा, लोकांना हळूहळू तापवायचं आणि ऐन रंगात बाजूला व्हायचं. पुढच्याची हवा आधीच काढून घ्यायची नाही, हा या धंद्यातला सभ्यपणा. तो पाळून पाळून तिला वीट आला होता.

तंबूच्या कडेला घडीच्या खुर्चीत तिची म्हातारी आई, सगळ्यांची ‘मिस आयसिल्डा’, राजमा-भाताचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ‘‘बाबांची तबकडी आणलीस ना गं?’’ तिनं ओरडून विचारलं.

आणली होती. वडिलांच्या तळघरातल्या पार्ट्या त्याच गाण्यावर संपायच्या. त्यानंतर दुसरं काही वाजवायचं नाही, हा त्यांचा दंडक. विन्सम ती दर कार्यक्रमाला न्यायची आणि न वाजवता परत आणायची, कारण शेवट तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

पाटी लावायला गेलेला गॅरेथ तेवढ्यात धावत आला. ‘‘केलम वाटेत अडकलाय. आज शेवटपर्यंत तूच.’’

विन्समचा आधी विश्वासच बसेना. मग मात्र तिनं असं काही वाजवलं की बाहेर बियर पीत बसलेलेही आत येऊन नाचू लागले. वेळ संपत आली तेव्हा तिनं ती तबकडी काढली, बाहीनं पुसली आणि चढवली. आई खुर्ची सोडून उभी राहिली.

खांद्यावर गॅरेथचा हात पडला. ‘‘आला गं तो! दोन गाणी तरी त्याला वाजवू दे. लोक कधीचे थांबलेत.’’

सुई टेकवावी आणि दोघांनाही खड्ड्यात जा म्हणावं, असं तिला फार वाटलं. केलम घामाघूम होऊन मागं उभा होता. विन्समनं तबकडी उतरवली. शेजारच्या दुसऱ्या टर्नटेबलवर नुसता ढोलाचा ठेका लावून दिला, त्याला हवं ते सुरू करता यावं म्हणून. दोन मिनिटांत तंबू केलमच्या नावानं ओरडू लागला.

‘‘लावली नाहीस?’’ आईनं विचारलं.

‘‘शेवट माझा नव्हता ना, आई.’’

‘‘काय वैताग आहे! म्हणजे मला अजून एक वर्ष जगायला हवं.’’

विन्समनं तबकड्यांची पेटी उचलली. आईनं खुर्ची स्वतःच मिटून काखेत मारली; गॅरेथ घ्यायला पुढे झाला, तर त्याला हात लावू दिला नाही.